दुसऱ्याच गाडीचं रिकामं वजन

डॉक्टरने पोरीच्या दंडाला दोन बोटांनी चिमटा काढला, मांस ओढून धरलं आणि तिच्या डोक्यावरून आईला म्हणाला, "बघा. हे सगळं फालतू आहे."

अहो, खोकल्यासाठी नेलं होतं तिला! आठवडाभर कोरडा खोकला येत होता, झोप लागत नव्हती, म्हणून नेलं. स्टेथोस्कोप डॉक्टरच्या गळ्यात शेवटपर्यंत नुसता लोंबत राहिला. आत शिरल्या शिरल्या दवाखान्यातल्या बाईने पोरीला वजनाच्या यंत्रावर उभं केलं, आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडून सांगितला, आणि मग खोकल्याचं नाव कोण काढतो?

पोरगी तेरा वर्षांची. शाळेच्या हँडबॉल संघात गोलकीपर. संघातल्या मुली तिला भिंत म्हणायच्या, आणि होतीच ती तशी. रुंद खांदे, भक्कम मांड्या, पोटावर चेंडू आदळला तरी हसणारी. घरी आली की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे, आणि ही थेट स्वयंपाकघरात पातेल्यांवरची झाकणं उचलायला हजर. जेवताना शीळ वाजवायची. तोंडात घास असताना शीळ वाजवू नये म्हणून आईने तिला किती धपाटे घातले असतील त्याला गणती नाही. आता डॉक्टरच्या स्टुलावर ती स्वतःच्या दंडाकडे, चिमट्याने लाल झालेल्या जागेकडे बघत बसली होती. ते दुसऱ्या कुणाचं तरी सामान आहे आणि आपण उगाच वाहून आणलं, असं तिचं तोंड झालं होतं.

"दिवसाला हजार कॅलरी," डॉक्टर म्हणाला आणि खणातून एक छापील कागद काढला. "एकही जास्त नाही. तीन महिन्यांनी मुलगी ओळखू येणार नाही तुम्हाला."

"आणि खोकल्याचं?" आईने विचारलं.

"वजन उतरलं की खोकलाही जाईल."

खोकला चौथ्या दिवशी आपला आपण गेला. आईने त्याचंही श्रेय डॉक्टरला देऊन टाकलं. इतकी ती बाई त्या कागदात गुंतली होती.

यात तिच्या कामाचा दोष होता असं म्हटलं तर ते अगदीच खोटं नाही. ती ट्रकच्या वजनकाट्यावर होती. गावाबाहेर, खडीच्या खाणी आणि भंगाराची गोदामं यांच्यामधल्या रस्त्यावर, जमिनीत बसवलेली एक लांबलचक लोखंडी प्लेट आणि तिच्या शेजारी काचेची खोली. त्या खोलीत ती सतरा वर्षं बसत होती. भरलेला ट्रक प्लेटवर उभा राहतो, आकडा येतो. माल उतरवून तोच ट्रक रिकामा येतो, पुन्हा आकडा येतो. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की माल किती ते कळतं. काम सोपं, पण भांडणाचं. कुणी एक चाक हळूच प्लेटबाहेर ठेवतो, कुणी रिकाम्याच्या वेळी स्वतःच केबिनमध्ये बसून राहतो, आणि आकडा मनासारखा आला नाही की काटा खोटा म्हणून बोंब मारतो. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "काट्याचं तुमच्याशी काय वाकडं आहे, दादा? उतरा खाली." ड्रायव्हर तिला काटेवाली म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. छापील कागद, त्यावर आकडा, खाली शिक्का, एवढं असलं की पुढे वाद नाही, असा तिचा सतरा वर्षांचा संस्कार. डॉक्टरच्या कागदावर तिन्ही होती. आकडा कुठून आला, हे विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

कागद तिने फ्रीजच्या दारावर चिकटवला. खाली बारीक अक्षरांत सूचना होत्या, त्यात लिहिलं होतं, मद्यपान पूर्ण बंद, धूम्रपान कमी करावे. ते वाचून मायलेकी दोघी हसल्या. "बघ हं, आजपासून तुझी दारू बंद," काटेवाली म्हणाली. तेरा वर्षांच्या पोरीच्या कागदावर दारू आलीच कशी, असा प्रश्न एखाद्या धड माणसाला पडला असता. पण हसून सोडून दिलं की प्रश्नही सुटतात, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं.

मग सुरू झाली तोलामापी. ब्रेडची चकती तोलायची, उकडलेला बटाटा तोलायचा, भात चार दाणे जास्त पडला तर चमच्याने उचलून परत पातेल्यात. नवरा जहाजाच्या इंजिनवर, वर्षातून दोनदा घरी यायचा. फोनवर एकदाच म्हणाला, "अगं, वाढतं वय आहे, जेवू दे की." त्यावर काटेवाली म्हणाली, "समुद्रात बसून उंटावरून शेळ्या हाकू नका. डॉक्टरने लिहून दिलंय." झालं.

दप्तर तपासणं दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. एकदा खेळाच्या मोज्यांच्या कप्प्यात, रुमालात गुंडाळलेला अर्धा बन सापडला. मैत्रिणीने दिला होता. पोरगी म्हणाली, "आई, सरावानंतर डोळ्यांपुढे अंधारी येते गं." काटेवालीने तो बन तिच्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि कुणी पुन्हा उचलू नये म्हणून वरून चहाचा चोथा ओतला. हे लिहायलासुद्धा घाण वाटते. पण झालं ते असं झालं, आणि करणारी बाई दुष्ट नव्हती. ती रात्री पोरीच्या पायांना तेल चोळून द्यायची. "भूक लागली की पाणी पी, थोडा वेळ दुसरीकडे लक्ष दे, जाते ती," असं प्रेमाने समजवायची. आपण तिचं भलं करतोय, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

वजन उतरलं. का नाही उतरणार? मावशी आली ती दारातच ओरडली, "अगंबाई, ही आपलीच का? केवढी गोड दिसायला लागलीस! आधी म्हणजे..." आणि आधी काय होतं ते दोन्ही हात फुगवून दाखवलं. पोरगी हसली, पण हसताना तिने आईकडे बघितलं, आपण बरोबर हसलो ना हे तपासायला. शेजारणी विचारायला लागल्या, काय केलंत, आम्हालाही सांगा. दुसऱ्या भेटीत डॉक्टर खुर्चीतून चक्क उठला आणि म्हणाला, "वा! आई असावी तर अशी. नाहीतर आमच्याकडे येतात आया, पोरांचे लाड करून करून त्यांना मारणाऱ्या." काटेवालीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कुणाच्या अंगावरचं उतरून ते इकडे चढलं, याचा हिशेब तिला तेव्हा लागला नाही.

आठव्या आठवड्यात न्हाणीच्या जाळीत केसांचा पुंजका अडकला. मूठभर. तिने तो काढून टाकला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढाच. पोरगी भर उन्हात स्वेटर घालून बसायला लागली. शीळ कधी थांबली ते तर आठवतही नव्हतं. खेळाच्या बाईंनी निरोप पाठवला, मुलगी गोलमध्ये उभी राहते पण चेंडू आला की हात वर जायला उशीर होतो, सध्या राखीव म्हणून बसवतो. आणि पाळी, जी वर्षभर घड्याळासारखी यायची, ती दोन महिने आलीच नव्हती.

तिसऱ्या भेटीत काटेवालीने हे सगळं डॉक्टरला सांगितलं. सांगताना आवाज लहान झाला होता, सतरा वर्षं ट्रकवाल्यांना दटावणाऱ्या बाईचा. "डॉक्टर, ती रोज दोन तास पळते. वाढीचं वय आहे. हजार कमी पडत असतील का हो?"

डॉक्टर नुकताच जेवून आला असावा. दातात अडकलेलं काहीतरी जिभेने उकरत होता. "कुठे वाचलंत? फोनवर?"

"नाही, वाचलं असं नाही, पण केस..."

"केस सगळ्यांचेच गळतात. पाळीचं या वयात मागेपुढे होतं. तुम्ही त्या काट्यावर काम करता ना? मग आकडा बघा की! सहा किलो. आता इथे येऊन थोडं अडकेल, म्हणून आपण आठशेवर येऊ." तिने सोबत आणलेल्या कागदावरच्या हजारावर त्याने पेनने काट मारली आणि वर आठशे लिहिलं. अक्षर फार सुंदर होतं मेल्याचं.

"हो डॉक्टर," काटेवाली म्हणाली. आणि घरी येऊन तिने आठशेचं वाढलं. दोन आठवडे वाढलं.

अकरावा आठवडा संपत आला तेव्हा काट्यावर एक ड्रायव्हर आला. त्याला सगळे डबल एक्सल म्हणायचे, कारण दोन साधी माणसं एकत्र बांधावीत तसा त्याचा आकार होता. वय बावन्न, गुडघे गेलेले, केबिनमधून उतरताना देवाचं नाव घेणारा. पुढच्या गाडीचं काहीतरी अडलं होतं, म्हणून तो खिडकीशी टेकून गप्पा मारायला लागला.

"बाई, आता पुढच्या वेळी माझं रिकामं वजन कमी भरणार बघा. डॉक्टर लावलाय." त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "हे असलं खायला सांगतोय. हे तर मी नाश्त्याच्या आधी तोंडात टाकतो."

काटेवालीने हसत कागद हातात घेतला आणि तिचं हसू जागीच थिजलं. सकाळी एक अंडं, ब्रेडची एक चकती. दुपारी वाटीभर भात, काकडी. चार वाजता अर्धं सफरचंद. रात्री सूप. ओळ न् ओळ तीच. दिवसाला हजार कॅलरी. मद्यपान पूर्ण बंद, धूम्रपान कमी करावे. खाली तोच शिक्का.

"तुमचं वजन किती आहे?" तिने विचारलं.

"एकशे अठ्ठावीस. का हो?"

तिने कागदावरचा शिक्का पुन्हा एकदा बघितला.

काट्याच्या धंद्यात एक पाप आहे, त्याला माफी नाही. रिकामा ट्रक तोलायचा कंटाळा आला की आळशी माणूस त्याच बनावटीच्या दुसऱ्या एखाद्या ट्रकचं जुनं रिकामं वजन पावतीवर टाकून देतो. ट्रक सारखेच दिसतात, कोण बघतंय? पण त्यातून निघालेला मालाचा आकडा सगळा खोटा असतो, आणि पावती मात्र खऱ्यासारखीच दिसते. हेच केलं म्हणून काटेवालीने एका सहकाऱ्याला मालकाकडून हाकलायला लावलं होतं. तो पाया पडला तरी तिने ऐकलं नव्हतं. आणि इथे तिच्या स्वतःच्या पोटच्या पोरीच्या पावतीवर दुसऱ्याच गाडीचं वजन पडलं होतं. सब घोडे बारा टक्के! तिने ती पावती अकरा आठवडे फ्रीजच्या दारावर लावून तिची पूजा केली होती.

तिने खोलीला कुलूप लावलं. मागे ट्रकची रांग भोंगे वाजवत राहिली. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

दवाखान्यात ती नंबर न लावता आत शिरली. बाकावर बसलेली माणसं कुरकुरली, त्यांच्या मांडीवर तसेच घडी घातलेले कागद होते.

"डॉक्टर, माझ्या मुलीची उंची किती?"

"फाईलमध्ये असेल."

"बघा की."

त्याने फाईल उघडली. उंची नव्हती. उंची मोजलीच नव्हती कधी. वयाच्या रकान्यात एक रेघ होती.

"मग हजार हा आकडा आला कुठून?"

"तो सर्वसाधारण तक्ता असतो हो. वजन जास्त असलेल्या सगळ्यांना चालतो."

"बावन्न वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरला आणि तेरा वर्षांच्या पोरीला एकच? ज्याला केबिनमध्ये बसून राहायचंय त्याला आणि जिची हाडं अजून वाढताहेत तिला एकच?"

"आवाज खाली. निकाल बघा ना तुम्ही. उतरलं की नाही वजन?"

"उपाशी ठेवलं तर गाढवसुद्धा उतरतं! त्याला डॉक्टर कशाला लागतो?"

डॉक्टरने पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग टेबलावर पुढे झुकला. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा गोड वास येत होता. आणि अगदी शांतपणे म्हणाला, "हजार मी लिहिले. घरी वाढलं कोणी? केस गळताहेत, पाळी चुकली, हे आईला दिसत नव्हतं? आईनेच थांबवायचं होतं तेव्हा."

"मी सांगितलं होतं तुम्हाला! इथे बसून सांगितलं होतं!"

"तशी काही नोंद नाही," डॉक्टर म्हणाला, आणि फाईल तिच्याकडे वळवून दाखवली.

तिला त्याची किळस आली. त्याच्या स्वच्छ नखांची, सुंदर अक्षराची, जिभेने दात उकरायच्या सवयीची. वाटलं, या माणसाच्या टेबलावर ओकावं. पण खरी ओकारी आली ती वेगळ्याच कारणाने. त्या माणसाच्या तोंडून एवढ्या महिन्यांत बाहेर पडलेलं एकमेव खरं वाक्य तेच होतं, घरी वाढलं कोणी, आणि तेही त्याने स्वतःची कातडी वाचवायला वापरलं होतं. ती बाहेर आली. बाकावरच्या माणसांना काहीतरी सांगावं असं वाटलं. शेवटी एवढंच म्हणाली, "कागदावर दारू बंद लिहिलंय का बघा. सगळ्यांच्या लिहिलंय." कुणाला काही कळलं नाही. एका म्हाताऱ्याने मात्र घडी उघडून बघितली.

दुसऱ्या दिवशी तिने पोरीला मुलांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी उंची मोजली, मग नाडी, रक्तदाब, रक्त. काय काय खातेस, किती खेळतेस, झोप कशी, असं पोरीलाच विचारलं. मग पोरीला बाहेर बसवून काटेवालीला म्हणाल्या, "हिला कमी करायचं असं काही नव्हतंच. उंची वाढली असती तसं वजन अंगात बसलं असतं. आता लगेच खायला सुरुवात करायची. दर आठवड्याला मला दाखवायचं, एकही आठवडा चुकवायचा नाही." आणि जरा थांबून, "घरी जेवताना ती कशी वागते ते नीट बघा. मला तिची काळजी तिथे वाटते."

काटेवालीला या बोलण्याचा अर्थ लागला नाही. ही पोर आणि जेवणार नाही? झाकणं उचलून उचलून जिने पातेल्यांचे काठ झिजवले?

त्या संध्याकाळी तिने फ्रीजवरचा कागद टराटरा फाडला. बटाटे उकडून त्यावर लोणी घातलं, दोन अंडी फेटून तव्यावर टाकली, ब्रेड भाजला, मोठा पेला दुधाचा भरला. घरभर लोण्याचा वास सुटला. कितीतरी दिवसांनी तिला स्वयंपाक करताना बरं वाटत होतं. ताट पोरीसमोर ठेवून ती समोर बसली.

पोरीने ताटाकडे बघितलं. "यात किती?"

"मोजलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खा. पोट भरेस्तोवर खा, बाळा."

पोरीने चमचा घेतला. खाल्लं नाही. बटाट्याचे दोन भाग केले, एका भागाचे पुन्हा दोन, त्याचे पुन्हा दोन, आणि एवढासा तुकडा ताटाच्या कडेला वेगळा काढला. हात सराईत होता. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आई, एक सांगू? रागावणार नाहीस ना? तू मोजून वाढायचीस ना, ते पण मी सगळं नव्हते खात."

"मग?"

"टाकून द्यायचे. तू फोनवर असलीस की. त्यानेच तर वजन लवकर उतरलं. डॉक्टर किती खूश झाले होते. तूसुद्धा."

"मी चुकले गं," काटेवाली म्हणाली. हे वाक्य तिने आजवर कुठल्याही ट्रकवाल्याला म्हटलं नव्हतं. "तो डॉक्टर खोटा होता, आणि त्याच्याहून जास्त मी चुकले. तो आकडाच खोटा होता. विसर तो."

"मग खरा किती?"

"तसा आकडा नसतो, राणी. भूक लागेल तेवढं खायचं."

"पण भूक लागतच नाही आता," पोरगी म्हणाली, जरा गोंधळून, जरा अभिमानानेसुद्धा. "सुरुवातीला खूप लागायची. आता येतच नाही ती."

काटेवालीने तोंडावर पदर धरला. रडायचं नाही असं ठरवून बसली होती, पण ते तिच्या हातात राहिलं नाही. खांदे हलायला लागले, घशातून कसलातरी घाणेरडा आवाज आला. पोरगी घाबरली. उठून आईपाशी आली, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. हात बर्फासारखा गार होता.

"रडू नको ना, आई. तू म्हणशील तर मी खाईन. खरंच खाईन," ती म्हणाली. "फक्त आकडा सांग."